‘नायक बदलला’ म्हणजे नेमकं काय झालं?

पत्र: वाचनगटात मला हरमान हेसेच्या ‘सिद्धार्थ’ या कादंबरीवर वीस मिनिटं बोलायचं आहे. विषय दिलाय ‘आशयसूत्रं आणि नायकाचा विकास’. नऊ पानं लिहून काढली, त्यातली सात गोष्ट सांगण्यातच संपली. उरलेल्या दोन पानांत ‘आत्मशोध, त्याग, मोक्ष, निसर्ग’ अशी यादी झाली. मैत्रिणीनं वाचून विचारलं, ‘तो बदलला म्हणतेस, म्हणजे नेमकं काय झालं?’ मला उत्तर देता आलं नाही. शिवाय शहाणपण शब्दांनी देता येत नाही असं ही कादंबरीच म्हणते. मग तिच्यावर बोलायचं तरी काय? – एक वाचक

उत्तर:

तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. भाषण त्याचंच उत्तर व्हायला हवं.

आधी त्या यादीचं बघू. ‘आत्मशोध, त्याग, मोक्ष’ हे शब्द चुकीचे नाहीत, पण जगातल्या कुठल्याही आध्यात्मिक शोधकथेवर ते चिकटतात. हे पुस्तक न वाचताही ती यादी करता आली असती, म्हणूनच मैत्रिणीचं समाधान झालं नाही. आशयसूत्र एका नामात मावत नाही. त्याला क्रियापद लागतं आणि बहुधा मधे एक ‘तरी’ किंवा ‘पण’ लागतो. ‘गुरू’ हे आशयसूत्र नाही. ‘गोतमाला, म्हणजे बुद्धाला, ज्ञान झालंय याबद्दल सिद्धार्थला तिळमात्र शंका नाही, तरी तो त्याचा शिष्य होत नाही’ हे आशयसूत्र आहे. या वाक्यापाशी श्रोता ‘का?’ असं विचारतो, आणि तिथून बोलणं सुरू होतं. तुमच्या यादीतल्या प्रत्येक शब्दाचं असं वाक्य करून बघा. ‘निसर्ग’चं होणार नाही. तो खुशाल खोडा. नदी या पुस्तकात निसर्गवर्णनासाठी आलेलीच नाही.

आता सात पानांची गोष्ट. ती इतकी लांबते कारण तुम्ही प्रकरणांच्या क्रमानं निघालात. क्रम धरला की ‘मग, मग, मग’ सुरू होतं आणि विकास म्हणजे पुढची पायरी असं आपोआप वाटू लागतं: आधी ब्राह्मणाचा मुलगा, मग श्रमण म्हणजे वनातला तपस्वी, मग विलासी व्यापारी, मग नावाडी, मग ज्ञानी. ही शिडी जवळजवळ प्रत्येक परीक्षणात सापडते, आणि या कादंबरीपुरती ती चुकीची आहे. का ते पुढे सांगतो. तूर्तास क्रम सोडा आणि जोड्या लावा.

बारा कागद घ्या, प्रकरणं बाराच आहेत. पहिल्या भागात चार: ब्राह्मणाचा मुलगा, श्रमणांसोबत, गोतम, जागृती. दुसऱ्यात आठ: कमला, बालबुद्धीची माणसं, संसार, नदीकाठी, नावाडी, मुलगा, ओम, गोविंद. अनुवादागणिक नावं थोडी बदलतील. गटात प्रत्येकाकडे वेगळी प्रत असणार, तेव्हा संदर्भ देताना पान न सांगता प्रकरणाचा क्रमांक सांगा. प्रत्येक कागदावर फक्त दोन गोष्टी लिहायच्या: या प्रकरणात कोण कुणाला सोडून जातं, आणि इथल्या प्रसंगासारखा प्रसंग दुसरीकडे कुठे आहे. बाकी काही लिहायचं नाही. हात शिवशिवतील, पण नाही.

पहिलं टिपण पुरं झालं की एक गोष्ट लख्ख दिसेल. सिद्धार्थ बापाला सोडतो. श्रमणांना सोडतो. गोतमाला सोडतो. कलावंतीण कमलेला आणि व्यापारी कामस्वामीची पेढी, घर, बाग, सगळं एका रात्रीत सोडतो. बालमित्र गोविंद गोतमापाशी जेतवनात मागे राहतो, तेव्हा त्याला आशीर्वाद देऊन पुढे निघणाराही सिद्धार्थच. नऊ प्रकरणं तो सोडून जाणारा आहे, आणि प्रत्येक वेळी लेखक त्याच्या बाजूनं आहे, वाचकही. दहाव्या प्रकरणात त्याचा कमलेपासून झालेला अकरा वर्षांचा मुलगा त्याला सोडून पळतो. तिथे पुस्तक उलटं फिरतं, आणि तुमचं भाषणही तिथेच उभं राहायला हवं.

ही पहिली जोडी आहे, प्रकरण १ आणि प्रकरण १०. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून सावकाश वाचा. पहिल्यात तरुण सिद्धार्थ श्रमणांबरोबर जायची परवानगी मागतो आणि हाताची घडी घालून रात्रभर एका जागी उभा राहतो. बाप तासातासाला उठून बघतो. पहाटे पोराचे गुडघे थरथरताना दिसतात, चेहरा मात्र ढळलेला नसतो. बाप हरतो आणि सांगतो: वनात सुख मिळालं तर परत ये आणि मला शिकव, भ्रमनिरास झाला तरी ये, आपण पुन्हा देवांना आहुती देऊ. सिद्धार्थ कधीच परत येत नाही. पहिल्या वाचनात हे आपल्या लक्षातही येत नाही, कारण कथा त्याच्याबरोबर चालू लागलेली असते आणि म्हातारा मागे राहतो.

दुसऱ्यात परवानगी नाही, हात जोडणं नाही. सर्पदंशानं कमला गेलेली, लाडात वाढलेला पोर नदीकाठच्या झोपडीत कोंडलेला. बाप रागवत नाही, मारत नाही, सगळं सहन करतो, आणि पोराला नेमकं तेच असह्य होतं. एके दिवशी तो तोंडावर तिरस्कार ओकतो आणि दुसऱ्या सकाळी पसार होतो. उतारूंच्या नाण्यांची टोपली गेलेली, होडी पलीकडच्या काठाला लागलेली. सोबतचा म्हातारा नावाडी वासुदेव म्हणतो की वल्हं बहुधा मोडलेलं किंवा फेकलेलं असेल, म्हणजे पाठलाग होऊ नये. वल्ह्याचा हा तपशील भाषणात सांगाच. पोरानं काय केलं ते बापाला त्यातून कळतं, आणि आपल्याला कळतं की बापाला ते कळलंय.

एवढं झाल्यावर अकराव्या प्रकरणात सिद्धार्थ नदीत वाकून पाहतो. पाण्यातल्या चेहऱ्यात त्याला आपला बाप दिसतो. मग आठवतं की त्यानंही हेच भोगलं असेल, मुलाला पुन्हा न पाहताच गेला असेल. नदी हसते.

इथे बहुतेक जण घसरतात. ‘केलेल्या कर्माचं फळ मिळालं’ असं म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे हे वाक्य जिभेवर तयारच असतं. पण हिशेब चुकता झाला असता तर प्रकरण तिथेच संपलं असतं. ते संपत नाही. जखम तशीच राहते. सिद्धार्थ झोपडीत जातो आणि वासुदेवाला सगळं सांगतो, आजवर कुणाला न सांगितलेलं: मत्सर, लाज, पोरामागे वेड्यासारखं शहरापर्यंत धावणं. त्यानंतर दोघं नदीकाठी बसतात, आणि मग त्याला हजार आवाज एकत्र ऐकू येतात. त्या आवाजांत बापाचा आहे, मुलाचा आहे, त्याचा स्वतःचाही आहे. म्हणजे शिक्षा भोगून तो मोकळा झालेला नाही. आपलं दुःख आपल्या एकट्याचं आहे ही समजूत सुटली. मैत्रिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे.

शिडी का चुकीची, तेही इथेच दिसतं. नदीकडून ऐकायला शिकणं, काळ हा भास आहे हे उमगणं, हे सगळं नवव्या प्रकरणात होऊन गेलेलं आहे. लोक दोघा नावाड्यांना शहाणे, संत समजू लागलेत. शिडी खरी असती तर कादंबरी तिथे संपायला हरकत नव्हती. पण दहाव्या प्रकरणात हाच शहाणा माणूस एका पोरासमोर सपशेल हरतो. वासुदेव त्याला विचारतो की तुझ्या बापाला, गुरूंना, तुझ्या ज्ञानाला तुला संसाराच्या फेऱ्यातून वाचवता आलं होतं का? तू चुका केल्यास म्हणून पोराच्या चुका टळतील का? सिद्धार्थला हे पटतं. डोक्यानं पटतं, आणि तरी तो पोराला सोडू शकत नाही. माहीत असणं आणि जमणं यांतलं हे अंतर दाखवण्यासाठी पुस्तकानं तीन प्रकरणं खर्च केली आहेत. विकासाबद्दल बोलताना ‘त्याला कळलं’ हे शब्द जिथे जिथे लिहाल तिथे थांबून बघा: कळल्यावर तो वागला कसा?

दुसरी जोडी सोपी आहे, वीस मिनिटांत छान बसते. पाचव्या प्रकरणात कमला विचारते, तुला येतं काय? तो सांगतो: विचार करता येतो, वाट बघता येते, उपाशी राहता येतं. कामस्वामीलाही हेच भांडवल सांगतो. आठव्या प्रकरणात, शहर सोडून नदीवर जीव द्यायला आलेला असताना, या तिन्ही गोष्टी आपल्यापाशी उरल्या नाहीत असं तो स्वतःच मोजतो. याला ऱ्हास म्हणायचं का? नायकाच्या अंगी होतं तेही गेलं, तर विकास कसला? मला वाटतं गटात हा प्रश्न टाकून मिनिटभर गप्प बसावं. तुमच्यापाशी उत्तर म्हणून ठेवायला एक निरीक्षण आहे: त्या तिन्ही गोष्टी तो कमावलेली विद्या म्हणून मिरवत होता. मुलगा पळून गेल्यावर कमलेच्या जुन्या बागेसमोर धुळीत बसून तो पुन्हा वाट बघतो. या वेळी त्यात कसब नाही, बढाई नाही. दुसरं काही करता येत नाही म्हणून बसलेला आहे.

तिसरी जोडी खरं तर चौकडी आहे, आणि विकासाचा सर्वांत भक्कम पुरावा तीच देते. साध्या माणसांकडे तो कसा बघतो याचे चार टप्पे पुस्तकात आहेत. सहाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला कौतुक, पण वरून. भाताचं पीक विकत घ्यायला एका गावात जातो, माल आधीच दुसऱ्यानं उचललेला असतो, तरी हा गडी काही दिवस गावकऱ्यांत रमून रिकाम्या हातानं खुशीत परततो आणि कामस्वामीचा ओरडा हसत ऐकतो. चांगुलपणा दिसतो, पण त्याचं काहीच पणाला लागलेलं नाही, म्हणून त्याला हसता येतं. दुसरा टप्पा हेव्याचा: या लोकांना आपल्या सुखदुःखाची किंमत वाटते, मला का वाटत नाही? तिसरा, सातव्या प्रकरणात, तो त्यांच्यासारखाच होतो, किंबहुना वाईट. फाशांचा जुगार, देणेकऱ्यांशी निर्दयपणा, भिकाऱ्याला द्यायचा हात आखडलेला. चौथा टप्पा अकराव्या प्रकरणात, मुलगा गेल्यानंतर. होडीत लेकरं घेऊन बसलेले आई-बाप बघून त्याचा जीव तुटतो. त्यांच्या आशा, हाव, वेडेपणा आता त्याला हास्यास्पद वाटत नाही, ती सगळी त्याला भावंडं वाटतात. माणसं तीच आहेत. मधे बघणारा बदलला. मैत्रिणीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर यात आहे, आणि ते चार वाक्यांत सांगता येतं.

तुम्ही ‘मोक्ष’ लिहिलंय म्हणून एक सूचना. हे पुस्तक मूळ जर्मन, १९२२चं, आणि त्यातले कितीतरी शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातले. इतर भाषांतल्या वाचकांना ते शोधून समजून घ्यावे लागतात, आपल्याला ते ओळखीचे वाटतात आणि त्या ओळखीनंच आपण फसतो. ‘संसार’ घ्या. आपल्या कानाला संसार म्हणजे घर, लग्न, पोरंबाळं, भांडीकुंडी. सातव्या प्रकरणाचं नाव तेच आहे, पण सिद्धार्थनं त्यात मांडलेलं घर बघा: लग्न नाही, आणि मूल होणार हेही त्याला माहीत नाही. तिथे त्या शब्दाचा अर्थ जन्ममरणाचं, सवयींचं चक्र. आपल्या अर्थाचा संसार त्याच्या वाट्याला येतो तो दहाव्या प्रकरणात, विरागी नावाडी झाल्यावर, आणि तोच त्याला झेपत नाही. मराठी वाचकालाच दिसू शकेल असं हे आहे, तेव्हा जरूर बोला. ‘प्रपंच की परमार्थ’ ही आपली ठरलेली जोडी मात्र यावर लादू नका. इथे दोहोंपैकी एकाची निवड होत नाही.

दुसरी नेहमीची गफलत नावाची. नायक सिद्धार्थ म्हणजे बुद्ध नव्हे. बुद्ध या कथेत गोतम म्हणून वेगळा येतो, तिसऱ्या प्रकरणात, जेतवनात. पहिल्याच मिनिटाला हे सांगून टाका, नाहीतर निम्मा गट शेवटपर्यंत गोंधळलेला राहील. त्यांच्या संवादात सिद्धार्थचा आक्षेप नेमका सांगा: शिकवण निर्दोष आहे, पण बोधाच्या क्षणी तुम्हाला स्वतःला काय झालं ते त्या शिकवणीत नाही. गोतम चिडत नाही. फार हुशारीपासून सावध राहा, एवढंच सुचवतो. पुढची सगळी प्रकरणं हा इशारा खरा ठरवतात, आणि सिद्धार्थचा आक्षेपही खरा ठरवतात. दोघांपैकी कुणालाही हरवू नका.

लेखकाच्या चरित्राला एक मिनिट, जास्त नाही. १९४६चं नोबेल, आजोबा केरळात राहून मल्याळम व्याकरण आणि शब्दकोश रचणारे मिशनरी, हे सांगायला गोड आहे पण त्यातून कादंबरी उलगडत नाही. एकच गोष्ट उपयोगी: १९१९च्या अखेरीस सुरू केलेलं लेखन मध्येच वर्षाहून अधिक काळ अडून पडलं होतं. शोधणारा आणि सोसणारा सिद्धार्थ लिहून झाला, पोचलेला सिद्धार्थ लिहिता येईना. दुसऱ्या भागाचा उत्तरार्ध म्हणून वेगळ्या हातानं लिहिल्यासारखा वाटतो, वाक्यं संथ होतात. कुणाला तो भाग कंटाळवाणा वाटला तर त्याच्या वाचनात खोट काढू नका. संथपणा खरोखरच आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. शहाणपण शब्दांनी देता येत नाही हे वाक्य बाराव्या प्रकरणात सिद्धार्थ गोविंदला सांगतो, आणि त्यानंतर पानंच्या पानं बोलत राहतो! दगड हाती घेऊन सांगतो की हा पुढे माती होईल, झाड होईल, पण मला तो आत्ताच सगळं काही आहे म्हणून प्रिय आहे. गोविंदला हे विचार चमत्कारिक वाटतात. म्हणजे लेखक आपल्याच नायकाच्या प्रवचनाला अपयशी ठरवतो. मग सिद्धार्थ त्याला कपाळावर ओठ टेकवायला सांगतो, आणि गोविंदला त्या एका चेहऱ्यात चेहऱ्यांची वाहती रांग दिसते. काम शब्दांनी झालं नाही, स्पर्शानं झालं. पण हे आपल्याला कळतं कशातून? शब्दांतूनच. यावर तोडगा काढू नका, हा ताण तसाच गटापुढे ठेवा. तुम्हाला संदेश सांगायचा नाहीच. पुस्तक कसं बांधलंय ते दाखवायचं आहे, आणि ते शब्दांत पुरतं दाखवता येतं.

याच प्रकरणात गोविंदची जोडी पुरी होते. आठव्या प्रकरणात झोपलेल्या सिद्धार्थची राखण करूनही तो त्याला ओळखत नाही, कारण अंगावर श्रीमंताचे कपडे. बाराव्यात पुन्हा ओळखत नाही, कारण समोर नावाडी. आयुष्यभर शोध घेणारा माणूस दोनदा जिवलग मित्राला चुकतो. सिद्धार्थ त्याला म्हणतो की तू फार शोधतोस, म्हणून सापडत नाही. या वाक्याला दोन मिनिटं पुरेत, त्यावर स्वतंत्र प्रवचन नको.

वेळेचं गणित असं धरा. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे मजकूर दोन हजार शब्दांच्या आत. गोष्ट दोन मिनिटांत, तीही फक्त ‘कोण कुणाला सोडतं’ या धाग्यानं. बाप आणि मुलगा यांना आठ मिनिटं द्या, त्यात दोन्ही प्रसंगांतला एकेक परिच्छेद वाचून दाखवा, पाच-सहा ओळींपेक्षा मोठा नको. साध्या माणसांचे चार टप्पे चार मिनिटांत, तीन विद्या दोन मिनिटांत, गोविंद दोन मिनिटांत. लेखकाचं मिनिट धरून एक मिनिट मोकळं राहतं. वेळ कमी पडली तर तीन विद्या गाळा, बाप-मुलाला हात लावू नका. उतारे आधी मोठ्यानं वाचून घड्याळ लावा. मनात वाचलेला परिच्छेद उघड्या आवाजात जवळपास दुप्पट वेळ खातो.

एक प्रश्न गटातून नक्की येईल: कमलेचं काय? ती आधी कलावंतीण, मग आपली बाग गोतमाच्या भिक्षूंना देणारी, मग मरणासन्न गोतमाच्या दर्शनाला मुलाला घेऊन पायी निघालेली. हा एवढा मोठा प्रवास आहे, आणि तो जवळजवळ सगळा पानाबाहेर घडतो. आपल्याला ती दिसते ते सिद्धार्थच्या वाटेवर आल्यावर, शिकवायला किंवा मरायला. हा आक्षेप रास्त आहे. ‘त्या काळी तसंच लिहीत’ असा बचाव करू नका. विचारणाऱ्याला उलट सांगा की तुमच्या बारा कागदांच्या शेजारी कमलेचेही चार कागद मांडून बघा, आणि त्यांतले कोरे किती राहतात ते मोजा.